लिंबाची तूर

"लिंबाची तूर घेऊन मी काय लोणचं घालू?" अप्पा फोनवर ओरडत होते.

ट्रंककॉल मुंबईच्या दलालाचा होता. लाइनवर खरखर इतकी, की दोघांनाही एकमेकांचं अर्धंच ऐकू येत होतं. ओरडण्याआधी त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं होतं, "इंजिनिअरसाहेब, लेमन म्हंजे काय?"

"लिंबू," मी ऐटीत सांगितलं होतं. मुद्दाम सांगतो, पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ माझं हे इंग्रजी.

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि अप्पांनी दालमिल वाढवली. नवा रोलर घ्या म्हणून त्यांच्या मागे लागलो होतो मीच. रोलर म्हणजे खरखरीत लेप दिलेलं लोखंडी नळकांडं. ते जाळीत फिरतं, तूर त्यावर घासते आणि साल निघतं. रोलर आला, पाठोपाठ दुष्काळ आला. मोंढ्याच्या धान्यबाजारात तुरीचं पोतं दिसेना. मिल तीन आठवडे बंद होती. डाळ निवडणाऱ्या चाळीस बायांची मुकादम गयाबाई रोज दारात येऊन बसायची.

"सोमवारपस्तोर काम न्हाई निघालं तर आमी खडी फोडाया जाताव," तिनं सांगून टाकलं होतं. एकदा गेलेल्या बाया परत येत नाहीत. त्या गेल्या तर नवा रोलर झाकून ठेवायचा आणि मी दुसरी नोकरी बघायची. मी खरंच घाबरलो होतो.

नांदेडचा कापूस जहाजात बसून परदेशी जायचा आणि कापड होऊन परत यायचा, एवढा जागतिक व्यापार आम्ही शाळेत शिकलो होतो. पण हा दलाल सांगत होता तशी आमच्या वरणाची तूर ब्रह्मदेशातून जहाजानं येईल, हे कुणाच्या बापाला वाटलं नव्हतं.

शेवटी फोनवर दलालच वैतागून ओरडला. "अहो, लेमन हे नाव आहे तिचं! बाजारात असंच म्हणतात. घेता की दुसऱ्याला देऊ?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "हाव, पाठवा," अप्पा म्हणाले.

शनिवारी ट्रक आला. मिलभर बातमी आधीच पसरली होती की लिंबाची तूर आली. गयाबाईनं चार दाणे तोंडात टाकले, चावले, थुंकले.

"आंबट न्हाई की हो साहेब."

"शिजल्यावर लागेल," मी चेष्टेत म्हणालो. हेही मी बोलायला नको होतं.

सोमवारी रोलर सुरू केला. दाणा आपल्या तुरीपेक्षा बारीक, त्यामुळे साल अंगावर घेऊनच तो सरळ बाहेर पडला. मी रोलर आणि जाळीतलं अंतर कमी केलं. आता साल निघालं, पण डाळीची चुरी झाली. अप्पांनी चुरीची मूठ उचलली आणि परत ढिगावर सोडली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"साहेब," गयाबाई म्हणाली, "परमुलखातून आलीय ती. लगीच रगडाया लागलात. तेल लावा, पाण्याचा हात द्या आन् दोन दिस उन्हात पडू द्या. साल आपसूक सुटतंय."

आमच्या तुरीला एक दिवसाचं ऊन पुरायचं, म्हणून मी तेवढंच दिलं होतं. टँकरच्या पाण्यातलं दोन बादल्या पाणी अप्पांनी घरचं कमी करून दिलं. ऊन तेवढं दुष्काळात फुकट होतं. बुधवारी पुन्हा रोलर लावला. पिवळीधमक, अखंड कडांची डाळ खाली पडू लागली. गयाबाईनं ओंजळ भरून ती अप्पांच्या समोर धरली आणि मला रडूच आलं. रोलरची धूळ डोळ्यात गेली, असं मी सांगितलं.

आता परदेशी डाळ घेणार कोण, ही धास्ती होती. पण रेणापूरचा दुकानदार दुसऱ्याच दिवशी हजर.

"ती लिंबाची डाळ द्या. वरणात लिंबू पिळायची गरज न्हाई म्हणतेत. लिंबं लई महाग झालीत."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. अप्पांनी माझ्या पायावर पाय ठेवला. पण पोतं उचलताना त्यांनीच सांगितलं, "साधी डाळ हाय बाबा. लिंबू नावापुरतं." तो डोळा मारून हसला. इतर दुकानदारांना कळू नये म्हणून अप्पा लपवताहेत, असं त्याला वाटलं. पंधरा दिवसांत गोदाम रिकामं झालं, दुसरा ट्रक मागवला. खडी फोडायला कुणीच गेलं नाही.

मग एक दिवस रेणापूरची एक बाई थेट मिलच्या दारात आली.

"तुमची डाळ आंबट लागंना!"

मी आत सरकलो. गयाबाई सूप खाली न ठेवता म्हणाली, "पानी कमी घातलं असंल."

"पानी? आगं, हितं प्यायला न्हाई पानी!"

"मंग पाऊस पडू दे. भरपूर पान्यात शिजवून बग."

बाई खो खो हसत सुटली. जाताना आणखी दोन किलो घेऊन गेली.

त्यानंतर मी तीस वर्षं अप्पांच्याच मिलमध्ये काढली. देशोदेशीचा माल हाताखालून गेला. कुणी मालाच्या नावाचा अर्थ विचारला, की मी माझं इंग्रजी गिळून गयाबाईकडे बोट दाखवायचो.