द्वारपाल पाओ काय म्हणाला

आमच्या दफ्तरातला ह्वान शू म्हणजे डोक्याला ताप. वीस वर्षं मी लिहायच्या बांबूच्या पट्ट्या शेकून वाळवतो, चुकलेलं चाकूनं खरवडतो. त्यातलं निम्मं खरवडणं या एकट्याचं. नियम साधा: एक घटना, एक पट्टी. 'वसंत. राजा नदीपार गेला.' संपलं! पण नाही. राजा जाताना काय म्हणाला, राणीनं काय सुनावलं, घोडा का अडला, सगळं याला लिहायचं. एका गारपिटीच्या त्यानं अकरा पट्ट्या केल्या. अकरा!

"तू होतास तिथं?" थोरले लेखनिक ओरडत.

"नव्हतो. पण माणसं काय मुकाट्यानं मरतात का हो?"

की आलं खरवडणं. माझी बोटं सोलून निघायची, राळ्याची पेज गार व्हायची ती वेगळीच.

यंदा तर त्यानं कहर केला. सात वर्षांपूर्वीची नोंद होती: 'शरद. द्वारपाल पाओनं उत्तर दरवाजा उघडला. शत्रू आत आला.' पाओ त्याच दिवशी मारला गेला, आणि एवढ्या नोंदीवर फितूर ठरला. त्याच्या नावाची पाटी कुळाच्या देवळात कुणी ठेवू देईना. त्या जुन्या पट्ट्या ओवलेली दोरी कुजली, नव्यानं नक्कल करायचं काम ह्वान शूकडे आलं, आणि पाओची बायको येऊन त्याच्यापुढं रडून गेली. झालं! नऊ पट्ट्या.

थोरल्यांनी त्या चिडून मोठ्यानं वाचल्या. दरवाजाबाहेर आमचीच माणसं अडकली होती, म्हणून पाओनं तो उघडला, असं लिहिलं होतं.

"'या लेकरांनो, माझे प्राण गेले तरी चालतील!' अरे, हे ऐकलं कुणी? कोण होतं तिथं? खरवड रे सगळं!"

मी चाकू उचलला. सात वर्षं गप्प होतो. फितुराची बाजू घेणाऱ्याचं काय होतं ते पाहिलं होतं. पण असलं गुळचट बोलणं पाओच्या तोंडी? मला राहवेना. चीड ह्वान शूची आली की माझी स्वतःची, कोण जाणे.

"तो असं नाही म्हणाला," मी म्हणालो.

"तुला काय ठाऊक?"

"मी होतो बाहेर. पाठीवर बांबूची मोळी होती. 'मोळी टाक गाढवा, आणि पळ आत!' असं म्हणाला मला."

थोरले खाली बसले. म्हणाले, "साक्षीदार आहे. मग राहू दे."

ह्वान शूनं कुंचला भिजवला. "नीट आठव. 'गाढवा' म्हणाला?"

"दोनदा," मी म्हणालो, आणि त्याला कोरी पट्टी दिली.