भागूची टाच

भुतंखेतं मी मानत नाही, हे पयलेच सांगतो. मसणवटीजवळून रात-बेरात बैल हाकले, कोणी आडवं आलं नाही. पंतोजीकडं चार अक्षरं गिरवली तेवढंच माझं शिक्षण, तरी हे लिहून राहिलो. कारण हे माझ्याच घरात झालं, अंजनगाव सुर्जीत... आन त्याचा उलगडा मले होत नाही.

विलायतेले आमचा कापूस हवा झाला तवाची गोष्ट. जो तो गाड्या भरून उमरावतीच्या बाजारात पळे. माझी बायको भागू गाडीत कापसाच्या बोंदऱ्यावर बसली होती. नाल्यात गाडी कलंडली न चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं. हाड जुळलं, पण टाच वरच राहिली. बाई चवड्यावर चाले.

उमरावतीच्या दवाखान्यात नेली. मुंबईहून शिकून आलेला डाक्तर होता. त्याच्या खोलीत माणसाचा हाडाचा सापळा टांगलेला! भागू भ्याली नाही.

"हे बाई हाय का बाप्या?"

"बाई," डाक्तर म्हणाला.

"मंग लुगडं तरी नेसवा न तिले!"

डाक्तर हसला. मग सापळ्याची टाच धरून त्यानं दाखवलं — पोटरीचं मांस एका जाड शिरेनं या हाडाले बांधलेलं असते. भागूची ती शीर आखडली होती. "टाच आता जमिनीला टेकणार नाही, बाई."

ते तिच्या मनात बसलं. काही वर्षांनी, या हिवाळ्यात, ती तापानं गेली. जाता जाता एकच विचारे, "अवो, तिकडची वाट लांब हाय म्हन्तात. मी लंगडतच जाऊ का?"

चिता विझली, पण तिचं ते बोलणं कानातून जाईना. घास उतरेना.

आमच्यात माणूस जिथं जीव सोडते तिथं पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपलं झाकतात. सकाळी पिठात खूण पाहतात. पाखराची का गाईची, तोच पुढचा जन्म. थोरल्या भावाची बायको पीठ पसरू लागली तवा मी म्हणलं, "वहिनी, उंदराची नखं पाहून रडाचं का आता?"

"भाऊजी, तुमी गप ऱ्हा." तिनं टोपल्यावर पाटा ठेवला. मी दारात आडवा झालो.

सकाळी टोपलं उचललं. डावं पाऊल. एकच. अंगठ्याशेजारची दोन बोटं चिकटलेली — भागूची जन्मापासून तशी होती, आमच्या घरात दुसऱ्या कोणाची नाहीत. आन मागं टाच. पुरी, गोल, पिठात खोल रुतलेली.

वहिनीनं टाचेच्या खुणेवर बोट दाखवलं. "भाऊजी... टेकली वो!"

मी लेकरासारखा रडलो. मग भाकर मागितली न दोन खाल्ल्या.

पुढं उमरावतीले गेलो तवा डाक्तरले सांगितलं. "कुणीतरी पाय उमटवला असेल," तो म्हणाला.

"चिकटल्या बोटांचा पाय कोठून आणला त्यानं?"

त्यानं लेखणी खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "बोटं कुठल्या बाजूला होती?"

"दाराकडं."

त्यानं मान हलवली, दुसऱ्या रोग्याले हाक मारली. कसं झालं ते त्याले सांगता आलं नाही, मले तं नाहीच. तुमाले कोणाले समजलं तं सांगा. नाही समजलं तरी चालते. बाई धड पायानं निघाली, मले झोप लागते.