राखलेली दारू

हुबळीजवळच्या रायापूरच्या मागच्या गल्लीत केदारी दोन गोष्टींसाठी माहीत होता. त्याच्या हातचं झाड कधी मरत नसे, आणि संध्याकाळनंतर तो स्वतः कुठल्या गटारीच्या काठाला सापडेल याचा नेम नसे. बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत बिस्किटांचा एक कारखाना होता. त्या कारखान्याच्या रायापुरातल्या गेस्ट हाऊसवर तो माळी होता आणि राखणदारही. बाप रेल्वे वर्कशॉपच्या कामाला म्हणून निपाणीकडून हुबळीला आलेला. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि पोटात सारायी, अशी केदारीची रीत पडून गेली होती.

सारायी, म्हणजे तिकडची स्वस्तातली दारू, तेव्हा प्लास्टिकच्या पाकिटात मिळायची. पाकिटाचा कोपरा दातानं तोडायचा, नाक दाबायचं आणि सगळी घशात पिळायची. जिभेला कळायच्या आत ती पोटात गेली पाहिजे. इतकी वर्षं दारू पिऊनही दारूची चव म्हणून काही असते याचा केदारीला पत्ता नव्हता.

बायको नागुबाई सरकारी दवाखान्यात आया होती. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे दारू न पिण्याच्या शीलाला, ती आवाज चढवायची आणि मिटलेले डोळे उघडून पुरुषांच्या बाजूला बघायची. नेमका त्याच ओळीला केदारीला खोकला यायचा.

त्र्याण्णव साली कारखान्यात इटलीहून पॅकिंगचं मशीन आलं, आणि ते बसवायला आल्दो नावाचा इंजिनियर आला. काम थोडक्या दिवसांचं होतं. पण सुट्या भागांच्या पेट्या बंदरात अडकल्या, वीज सारखी जायला लागली आणि साहेब गेस्ट हाऊसवर अडकून पडला. तिखट खाऊन रडायचा आणि संध्याकाळी व्हरांड्यात एकटाच बसायचा. बोलायला माणूस एकच, क्रोटनला पाणी घालणारा केदारी. एकाची इंग्रजी मोडकी आणि दुसऱ्याला मुळीच येत नाही, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं.

एका रविवारी दुपारी साहेबानं बॅगेतून एक बाटली काढली. बूच ओढलं, दोन ग्लासांत तळाशी थोडी थोडी लाल दारू ओतली आणि केदारीला हाक मारली. केदारीनं ग्लास घेतला, सवयीनं नाक दाबलं आणि डोकं मागे टाकलं.

"आस्पेत्ता! आस्पेत्ता!" साहेब खुर्चीतून उठलाच. त्यानं केदारीचा हात धरून खाली आणला. आस्पेत्ता म्हणजे थांब, हे भाषा न येताही कळलं.

मग साहेबानं ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, त्यात नाक खुपसलं. बागेतल्या गुलाबाकडे बोट दाखवलं, आणि मग फाटकाबाहेरच्या नव्या डांबरी रस्त्याकडे. या दारूत गुलाबाचा वास आहे आणि डांबराचाही, असं त्याला सांगायचं होतं. केदारीला वाटलं, साहेबाला वास घेऊनच चढली. पुढे साहेबानं घोट तोंडात घेतला, इकडून तिकडे फिरवला आणि कुंडीत थुंकून टाकला. हे बघून केदारीचा जीव कळवळला. पण साहेबाची रीत मान्य करून त्यानंही घोट तोंडात धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

हा माणूस चव शोधतोय, असं साहेबाला वाटलं. केदारी वाट बघत होता ती चढायची.

चढली काही नाही. जीभ मात्र कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी टाळ्याला चिकटून बसली. केदारीनं तोंड वेडंवाकडं केलं, घोट गिळला आणि "तुरट" एवढंच म्हणाला. त्या वेडावाकड्या तोंडाचं साहेबाला फार कौतुक वाटलं. दारू अजून कोवळी आहे, हे या माळ्यानं एका घोटात ओळखलं, असं त्यानं दुसऱ्या दिवशी मॅनेजर शंकररावांना सांगितलं. शंकररावांना केदारीची कीर्ती ठाऊक होती. ते म्हणाले, "त्याचा अभ्यास मोठा आहे, सर."

मशीन सुरू झालं आणि साहेब निघाला. जायच्या दिवशी त्यानं केदारीच्या हातात तसलीच एक भरलेली बाटली ठेवली. लेबलावर 'बारोलो' असं दारूचं नाव आणि खाली १९८९ साल. केदारीची मुलगी अर्चना त्याच सालची, हे साहेबानं कधीतरी विचारून घेतलं होतं. साहेब बोलत गेला आणि शंकरराव मराठीत सांगत गेले.

"त्यांच्या गावाकडं मूल जन्मलं की त्या सालची दारू बाप राखून ठेवतो. मूल अठराचं झालं की फोडायची. आडवी ठेव, अंधारात ठेव, गार ठेव, हलवू नकोस. आता तुरट लागते, तेव्हा मखमल होईल म्हणे. आणि साहेब म्हणतात, हे काम तुझ्यासारख्या जाणकारालाच जमेल."

केदारीच्या हातात आजवर कुणी स्वतःच्या घरची किल्लीसुद्धा ठेवली नव्हती. तो बाटली तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून घरी गेला.

पत्र्याच्या घरात गार जागा एकच, पाण्याच्या मडक्याखालची. तिथं ओल्या वाळूचा ढीग असायचा. केदारीनं त्यात बाटली आडवी पुरली. तिसऱ्या दिवशी वाळू बदलताना ती नागुबाईच्या हाताला लागली.

"पाकिटं पुरेनात व्हय आता? घरात बाटली आणून पुरतोस?"

"ही प्यायची नव्हे गं."

"मग काय, पुजायची?"

"अर्चीची हाय ही. अठराची झाली की फोडायची."

नागुबाई बाटली उचलून थेट मोरीकडे निघाली. केदारी वाटेत आडवा झाला. इतक्या वर्षांत तो शुद्धीवर असताना आडवा झाल्याचं तिनं पहिल्यांदाच बघितलं. थोडी चाट पडली, पण विश्वास ठेवायला तयार नव्हती. बाटली पदराखाली घेऊन ती शंकररावांकडे गेली. त्यांनी सगळं खरं असल्याचं सांगितलं. परत आल्यावर तिनं बाटली वाळूत ठेवली आणि निकाल दिला.

"ठेव. येत्या शनिवारपर्यंत राहत नाही ती, मला ठाऊक हाय. ज्या दिवशी ती जाईल, त्या दिवशी तूही जायचं या घरातनं."

शनिवार गेला, वर्ष गेलं. बाटली होती तिथंच राहिली.

म्हणून केदारी सुधारला असं कुणी समजू नये. पाकिटं चालूच होती, उलट त्यांना आता तोंडी लावायला गर्व मिळाला. सारायीच्या दुकानात जाऊन तो पाकीट स्टीलच्या पेल्यात ओतायचा, पेला गोल फिरवायचा, वास घ्यायचा आणि दुकानदार मारुतीला विचारायचा, "कधीची रे ही?"

"आज सकाळची."

"कोवळी हाय. आस्पेत्ता करायला पाहिजे होतं."

"बेडाप्पा बेड," म्हणजे नको बाबा नको, असं कन्नडात म्हणत मारुती हात जोडायचा. "नको तर ठेव तिकडं."

वास घेऊन मग केदारी ओकारी आवरत सगळी प्यायचाच. गल्लीनं त्याचं नाव 'इटलीअण्णा' पाडलं. चिडवायला पाडलेलं नाव, पण तो त्याला ओ द्यायला लागला.

उन्हाळ्यात मात्र तो खरोखर हवालदिल व्हायचा. पत्रा तापला की वाळूवर ओलं पोतं टाकायचा आणि गेस्ट हाऊसवरून मधेच येऊन ते भिजवून जायचा. एका एप्रिलमध्ये घरातला एकुलता एक टेबल फॅन त्यानं मडक्याकडे वळवून ठेवला.

"पोरगी घामानं थबथबलीय आणि वारा बाटलीला?" नागुबाईनं विचारलं.

"पोरगी बोलून सांगते, गरम होतंय म्हणून. ती बिचारी सांगते काय?"

फॅन अर्चनाकडे वळला. पण दुसऱ्या दिवसापासून पोतं भिजवायचं काम नागुबाईनंच स्वतःकडे घेतलं. याच्या हातून पाणी बाटलीवर जोरात पडतं आणि ती हलते, असं तिचं म्हणणं.

पुढच्या काही वर्षांत नागुबाई गल्लीच्या महिला मंडळाची अध्यक्ष झाली. मारुतीचं दुकान उठवावं म्हणून तिनं मोर्चे काढले, त्याच्या दारात बायका बसवल्या. केदारी त्या बायकांच्या मधून वाट काढत आत जायचा आणि बायकोला बघून खोकायचा. शेवटी त्याला थांबवलं ते मंडळानंही नाही आणि विहारानंही नाही. कावीळ झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "आणखी एक पाकीट घेतलंस तर पोरीचं लग्न भिंतीवरच्या फोटोतनं बघशील." केदारी घाबरला आणि दारू सुटली. अध्यक्षीणबाईंच्या घरापासून दारूबंदीला सुरुवात झाली, असं मंडळानं जाहीर केलं. काविळीचं नाव कुणी काढलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी दुकानाशिवाय काही घरांतूनही पाकिटं लपवून विकली जातात, असा बोभाटा झाला. घरोघर जाऊन झडती घ्यायचं मंडळानं ठरवलं. नागुबाईचा उजवा हात म्हणजे पद्माक्का. तिला शिस्त फार. ती म्हणाली, "सुरुवात अध्यक्षांच्याच घरातनं करू या की, अक्का. मग कुणाला बोलायला तोंड राहणार नाही."

बायका आत आल्या. ट्रंक बघितली, चुलीमागं बघितलं, गाद्या उलटल्या. पद्माक्का मडक्यापाशी थांबली.

"याच्याखाली काय?"

"वाळू," नागुबाई म्हणाली.

खोटं काही नव्हतं. पण त्या रविवारी पंचशील म्हणताना तिचा आवाज चौथ्या, म्हणजे खोटं न बोलण्याच्या, शीलालाच बसला, आणि पाचव्याला तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. शेजारच्या रांगेतून केदारीनं बायकोकडे बघितलं. त्या दिवशी त्याला खोकला आला नाही.

दोन हजार सातच्या जुलैत सरकारनं सारायी बंद केली. मारुतीच्या दुकानाला कुलूप लागलं, गल्लीत पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात अर्चनाला अठरा वर्षं पूर्ण झाली. ती तेव्हा विद्यानगरच्या कॉलेजात होती, नर्सिंगला जायचं म्हणत होती.

"अर्ची, आज फोडायची," केदारी सकाळीच म्हणाला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"अप्पा, मी नाही पिणार हं," अर्चना म्हणाली.

"मी तर मुळीच नाही," नागुबाई म्हणाली. "आणि तुला तर दारू बेड म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

हा विचार इतक्या वर्षांत कुणीच केला नव्हता. तिघं बाटलीकडे बघत बसली. थोड्या वेळानं केदारी म्हणाला, "पिऊ नको म्हणाले डॉक्टर. तोंडात धरू नको, असं नाही म्हणाले. जाणकार लोक थुंकतातच."

नागुबाई उठली आणि मोरीतून पितळी घमेलं घेऊन आली.

बूच काढायचा आकडा गल्लीत कुणाकडेच नव्हता. केदारीनं स्क्रू पिळून पकडीनं ओढलं. निम्मं बूच बाहेर आलं, निम्म्याचा भुगा आत पडला. अर्चनानं धुतलेल्या फडक्यातून स्टीलच्या पेल्यात गाळून दिली. लाल रंग गेला होता, विटेसारखा तांबूस उरला होता. केदारीनं पेला उजेडात धरला, फिरवला, वास घेतला आणि घोट तोंडात घेतला. नागुबाई त्याच्या हनुवटीखाली घमेलं धरून उभी. त्यानं डोळे मिटले. त्याचा कंठ हलला की काय, असं तिला वाटलं.

"थुंक," ती म्हणाली.

त्यानं घोट या गालातून त्या गालात फिरवला.

"केदारी, थुंक म्हणते!"

त्यानं थुंकलं. डोळ्यांत पाणी होतं.

"कशी हाय?" तिनं विचारलं. न राहवून विचारलं.

केदारीला सांगता येईना. ही मखमल म्हणावी की आंबलेली? असली दारू त्यानं जन्मात एकदाच चाखली होती, तीही चढायची वाट बघत. उन्हानं नासली असेल, नाहीतर अशीच लागत असेल. विचारणार कुणाला? शंकरराव केव्हाच बदली होऊन गेले होते, आणि आल्दो साहेब कुठं असेल कोण जाणे. अर्चनानं वास घेऊन सांगितलं, विहारातल्या सुकलेल्या हारासारखा येतोय. नागुबाई घमेल्यावरच वाकली होती. ती म्हणाली, "मला तर चिंचेचा जुना कोळ वाटतोय."

तेवढ्यात दारात पद्माक्का. हातात पेढ्यांचा पुडा. तिनं उंबऱ्यातच नाक वर केलं.

"अक्का, वास कसला गं?"

नागुबाईच्या हातात घमेलं, केदारीच्या हातात पेला. वाळू म्हणून सांगायची सोय राहिली नव्हती.

"दारूचा," नागुबाई म्हणाली. "चौदा वर्षं हाय घरात. तू झडतीला आलीस तेव्हाही होती. बस, सांगते."

पद्माक्का बसली आणि सगळं ऐकलं. मग तिनं पेला नाकाशी नेला आणि लांब धरला. "ही दारू नव्हे अक्का, ही मेलीय. आमच्या घरात दारूच्या बाराच्या बारा जाती बघितल्यात मी."

"मेली नाही," केदारी दुखावून म्हणाला. "जुनी झालीय."

उरलेली बाटली कुणी प्यायचा प्रश्नच नव्हता. केदारीनं ती स्वतःच मोरीत ओतली, हळूहळू, गाळ न ढवळता. तळाशी बोटभर काळी रेव राहिली. तीही त्यानं पाण्यानं विसळून काढली आणि रिकामी बाटली अर्चनाला दिली. तिनंही नको म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी नागुबाईनं मंडळापुढे उभं राहून सगळं कबूल केलं आणि अध्यक्षपद सोडलं. बायका थोडा वेळ गंभीर झाल्या. नवी अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर प्रत्येकीला घरचं काही ना काही काम आठवलं. पद्माक्का म्हणाली, तिला हिशोब जमत नाहीत. शेवटी सर्वानुमते नागुबाईलाच पुन्हा बसवलं, आणि वरती ठराव झाला की ओतून टाकलेली दारू ही दारू धरू नये.

केदारी पुढेही गेस्ट हाऊसवर झाडं बघत राहिला. कुणी मुद्दाम विचारलं, "काय इटलीअण्णा, कशी होती रे शेवटी?" की तो पाण्याचा पाइप खाली ठेवायचा, हातात पेला असल्यासारखी बोटं गोल फिरवायचा, आणि जाणकारासारखी मान हलवून म्हणायचा, "घाई केली. आणखी दोन-चार वर्षं ठेवायला पाहिजे होती."