दोन चमचे पाणी

१९९६ साल, बंगळुरातल्या बनशंकरीतलं एक छोटं नर्सिंग होम, आणि माझ्या नोकरीचा तिसरा आठवडा. निपाणीकडून आलेला मी नवा ब्रदर. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, हे दर एसटीडी कॉलला घरी नव्याने समजावून सांगावं लागायचं...

माझ्या वॉर्डात पोटाचं ऑपरेशन झालेले एक काका होते. व्यवसायाने शिंपी, घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. मला तम्मा म्हणायचे, धाकट्या भावाला म्हणावं तसं.

आतडी हलायला लागेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. काका मात्र दर दहा मिनिटांनी, "तम्मा, स्वल्प पाणी दे रे." मी नियम सांगायचो. पुढे पुढे तर त्यांच्या कॉटकडे बघायचंच टाळायला लागलो...

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी काका गेले. हार्ट अटॅक.

आपल्यात जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात. मी तर मागितलेलंही दिलं नव्हतं. पुढचे आठ दिवस सगळ्यांची बीपी नीट लिहीत होतो, पण डोक्यात राजीनामा तयार होता. इंग्रजी कच्चं म्हणून तेवढा कागदावर उतरायचा राहिला होता.

नवव्या दिवशी काकू आल्या, काकांच्या डेथ सर्टिफिकेटचे कागद न्यायला. कागद हातात पडले तरी काउंटरवर तेच तेच पुन्हा विचारत होत्या. आवाजावरून कळलं, बाईंना विचारायचंय काहीतरी वेगळंच.

मी जवळ गेलो. मला कॉरिडॉरच्या टोकाला नेऊन खाली बघत म्हणाल्या, "तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी ह्यांना दोन चमचे पाणी पाजलं, ब्रदर. आदल्या दिवशी. त्यानंच गेले काय हो?"

नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण मला खरंच माहीत नव्हतं, आणि तीन-चार आठवड्यांच्या ब्रदरचं 'नाही' त्यांना किती दिवस पुरलं असतं?

त्यांना हेड सिस्टरकडे घेऊन गेलो. मंगळूरच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी केसपेपर काढून ओळ न् ओळ वाचली. ठसका नाही, उलटी नाही, पोट फुगलेलं नाही. कन्नडात म्हणाल्या, "पाण्याचा काही संबंध नाही, अक्का. हृदय थांबलं."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मग मीही सिस्टरना माझं सांगून टाकलं. वाटलं, मलाही म्हणतील, तुझा काही दोष नाही...

त्या म्हणाल्या, "पाणी दिलं नाहीस, बरोबर केलंस. पण ओठ ओले करायला ट्रेमध्ये कापूस होता. तो का नाही वापरलास?"

बोलणी खाल्ली. तरी आठ दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. माझी चूक नेमकी केवढी ते कुणीतरी सांगितलं होतं, आणि ती उद्यापासून सुधारता येण्यासारखी होती.

आता माझी स्वतःची होम नर्सिंग एजन्सी आहे. एखादा पेशंट गेला की नवी मुलंमुली उतरलेल्या चेहऱ्याने समोर बसतात. "तुझा दोष नाही" असं मी पटकन म्हणत नाही... आधी केसपेपर मागवतो, आणि दोघं मिळून वाचतो.

त्या काकूंनी काही न विचारता कागद घेऊन रिक्षा पकडली असती, तर मीही आठवड्याभरात गावची बस पकडली असती.