बिनशेपटीचा विंचू

माझी बायको मेघना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी पेठच्या अलीकडे एका ऐनाच्या झाडाखालच्या पाचोळ्यात तिला छद्मविंचू दिसला होता. तिळाएवढा, डंख नसलेला जीव, फोटो आला पुसट. पाचोळ्यात तो पुन्हा सापडला नाही तर तिची नोंद कोणी धरणार नव्हतं, म्हणून एप्रिलातल्या रविवारी गाडी काढली. मी अंबडला कारखान्यात माल तपासतो. किड्यांशी माझा संबंध ते चहात पडले तरच.

सकाळी सहाला निघा, पेठ रस्ता मोकळा मिळतो. दीड तास धरा आणि पोट भरूनच घाटाला लागा, पुढे चहाशिवाय काही नाही.

पोचलो तर ऐनाखालची जमीन झाडून लख्ख. पाचोळा शेजारच्या वावरात पसरलेला. नागलीची रोपं टाकण्याआधी इकडे पाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. वावर यशोदाबाईंचं. मेघनाने विनवलं तेव्हा त्यांनी टोपलीभर पाचोळा खुशाल बाजूला ठेवला. ती गाडीतून चाळणी आणायला गेली आणि बाईंनी मला विचारलं, एवढं काय आहे त्यात. मी शहाणपण पाजळलं.

"विंचू असतात. बारीक."

"इचू? आन् सून अनवाणी फिरती हितं."

त्यांनी टोपली राबावर उपडी केली आणि काडी ओढली. मेघना चाळणी घेऊन परत आली तोवर सगळं पेटलं होतं. मला खरंच वाईट वाटलं.

मग ती भिंग घेऊन ऐनाच्या भेगाळ सालीशी तासभर बसली. सालीखाली एक निघाला. पुढच्या चिमट्यात त्याने कसलासा किडा धरला होता आणि सावकाश खात होता. यशोदाबाईंनीही भिंगाला डोळा लावला.

"ह्याला शेपूट कुठं हाय? पुढं नांग्या तेवढ्या. हे तर खेकडं."

दुपारी त्यांच्याच ओट्यावर नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी खाल्ली. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

घरी आल्यावर मेघनाने वही उघडली. सालीतला एक नोंदला, पाचोळ्याच्या रकान्यात रेघ मारली. स्थानिक नावापुढे लिहिलं, खेकडं. लिहिताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्या बाईंना खेकडं म्हणालो असतो, तर टोपली वाचली असती.