भिडूला आलं का?

हातच्याची वजाबाकी वर्गात सगळ्यांत आधी मला आली, आणि विजयाबाईंनी माझ्या पाटीकडे न बघता शेजारच्या मुलीला विचारलं, त्या घटकेपासून माझं सगळं बदललं. चांगलं झालं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात असं लिहावं का, तेही कळत नाही. पण समितीने सांगितलं, मनापासून लिही. मनात आहे ते असं आहे.

मी पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. वडील मुंबईला, म्हणून तिसरीत मामाकडे महाडला आलो आणि औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलो. वर्गात आमच्यासारखी वाडीवरची पोरं, बौद्धवाडीतली, मोहल्ल्यातली, कातकरवाडीतली आणि कंत्राटावर आलेल्या बिहारी कामगारांची. बाईंनी मला सरिताशेजारी बसवलं. तिचे वडील वसाहतीत माल चढवायचे. तिला मराठी येत नव्हती, मला हिंदी. बाई म्हणाल्या, हा तुझा भिडू.

खेळात भिडू असतो हे ठाऊक होतं. अभ्यासातही असतो हे इथे कळलं. कुणी ‘मला आलं’ म्हणालं की बाई त्याच्या भिडूला विचारीत. भिडूला आलं, तरच तुम्हाला आलं. त्या दिवशी सरिता गप्प उभी राहिली, आणि बाई शांतपणे मला म्हणाल्या, "तुला अजून आलेलं नाही."

मी पाटी टाकली आणि दाराकडे निघालो. बाईंनी आवाज चढवला नाही. "जायचं तर जा. पण दार लावून घे, बाकीच्यांचं चाललंय."

मी दार आपटलं आणि व्हरांड्यात रडत बसलो. थोड्या वेळाने सरिता पाटी घेऊन बाहेर आली, समोर मांडी घातली आणि म्हणाली, "रो मत. समझा." तिला चिंचोके मांडून समजावताना माझ्या लक्षात आलं, की हातचा का घ्यायचा ते मलाच माहीत नव्हतं. नुसती रीत येत होती.

बाईंच्या शिकवण्याविषयी मोठी माणसं या ग्रंथात पुष्कळ लिहितील. मला एकच प्रसंग सांगायचा आहे. बाई निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी वाडीवरचे एक गृहस्थ शाळेत येऊन म्हणाले, आमच्या पोराचा भिडू बदला. बौद्धवाडीतल्या मुलाशेजारी नको, हे त्यांनी आडून आडून सांगितलं. बाईंनी त्यांना चहा दिला. मग म्हणाल्या, मुलांचं नंतर बघू, आधी पालकसभेला तुमचा भिडू ठरवते. आणि त्यांना त्याच मुलाच्या वडिलांशेजारी बसवलं. दोघांनी एकमेकांच्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही, ते उभं राहून सांगायचं. पहिल्या सभेला दोघे खाली बघत बसले. दुसऱ्या सभेला वाडीवरचे बोलले, "ह्यांच्या पोराला भूगोल येतो, पण तो लाजतो हो." आता दोघे एकाच रिक्षेने शाळेत येतात. एकमेकांच्या घरी मात्र अजून जेवत नाहीत. याला यश म्हणायचं की काय, मी बाईंना विचारलं होतं. "मलाही कळलेलं नाही," असं त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्या बाई असं म्हणतात, याचा मला फार आधार वाटतो.

कॉलेजात माझं बिनसलं ते याच सवयीने. सरांनी विचारलं, समजलं का, सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठून सांगितलं की माझ्या शेजारच्याला समजलेलं नाही. सर म्हणाले, तू तुझं बघ. शेजारचाही माझ्यावरच चिडला. शब्दाने शब्द वाढला, मी बाहेर पडलो आणि परत गेलोच नाही. हल्ली वसाहतीत पाळीवर जातो. मामा म्हणतो, "तुझ्या बाईनं तुला एकट्यानं चालायला शिकवलंच नाय रे." मामाचं खोटं आहे असंही म्हणवत नाही.

सरिता डी.एड. झाली. नाशिककडच्या शाळेत तिला नोकरी लागली आहे, परवा ती निघेल. मराठी माझ्याहून चोख बोलते, आणि मला ‘डोकेफिरू’ म्हणते. गेली दोन वर्षं मला तिच्याशिवाय काही सुचत नाही. पण ते प्रेम आहे की नुसती भिडूची सवय, हे माझं मलाच उलगडत नव्हतं.

गेल्या आठवड्यात या लेखासाठी माहिती विचारायला बाईंच्या घरी गेलो. बाई कुळीथ निवडीत होत्या. माहिती राहिली बाजूला, मी हेच सगळं ओकून टाकलं, आणि बोलता बोलता म्हणून गेलो, प्रेमच आहे ते. बाईंनी ऐकून घेतलं.

"तुला नक्की कळलंय?"

"हो, बाई. आता नक्की."

"भिडूला विचारलंस?"

"नाय."

"मग तुला अजून आलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा कुळीथ निवडू लागल्या.

तोच राग आला, तिसरीतला. पण या वेळी टाकायला हातात पाटी नव्हती.

बाईंना उदंड आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे त्यांना शाळेच्या पायऱ्या चढू देवोत, आणि माझ्यासारख्या अर्धवट आलेल्यांना त्यांनी अशीच परत परत पाटी धरायला लावावी, एवढंच मागणं.

हे मी तिसरीच्याच वर्गात लिहितोय, शेवटच्या बाकात गुडघे अडकवून. नव्या बाईंनीही पोरांना भिडू दिलेत. समोर एक पोरगी भिडूच्या कानात काहीतरी समजावतेय आणि तो मान हलवतोय, नाय, नाय. लेख देण्याचा आज शेवटचा दिवस, आणि ते गोळा करायला व्हरांड्यात सरिताच बसली आहे. तिला हे आधी कागदावर वाचायला लागू नये. तोंडाने सांगतो, मग कागद देतो. ती नाही म्हणाली तर तिने आपलं नाव खुशाल खोडावं, बाईंचं तेवढं राहू द्यावं.

उठतो. दार लावून घेतो, हळू. बाकीच्यांचं चाललंय.