पालथी बरणी

आमच्या पुतणीला पृथ्वीची जेवढी काळजी आहे, तेवढी खुद्द पृथ्वीलाही नसेल. मोठ्या दिरांची ही मुलगी विद्यापीठात शिकते, शाश्वत विकास आणि हवामान बदल यांवर लेख लिहिते आणि लिहायला आमच्याकडे, राळेगावजवळच्या गावात येते. तिच्या मते हवामान इथे जास्त बदलतं. येताना पिशवीभर कागद आणते. झाडं वाचवा हे सांगायला तिला फार कागद लागतात. एक बाजू लिहिली की चुकलं म्हणून टाकते. ते पाठकोरे कागद मी जपून ठेवते. हे लिहिते आहे तेही त्यांवरच.

वीज वाचावी म्हणून माझ्या स्वयंपाकघरातला दिवा ती दिवसातून चारदा बंद करते, मी आत असले तरी; आणि स्वतः पंख्याखाली बसून विजेवर लिहिते. चुलीच्या धुराविरुद्ध तिने चार पानं लिहिली, पण भाकरी चुलीवरचीच हवी. एकदा वही घेऊन चुलीपाशी बसली. “काकू, एका भाकरीले किती पऱ्हाटी जळते?” कपाशीची वाळली झाडं कोणी मोजून जाळतं का? मी भाकरी उलटली. मला पटकन बोलता येत नाही. तिने लिहिलं, ‘ग्रामीण महिला, शिक्षण चौथी, प्रतिसाद अल्प’, आणि तिसरी भाकरी मागितली. ह्यांनी ओसरीवरून विचारलं, “काहून वं, धूर चालते का आता?” “काका, मी परंपरा अभ्यासून राह्यली,” ती भरल्या तोंडाने म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. विद्यार्थ्यांच्या लेखांचं पुस्तक निघणार होतं. तिचा लेख सरांनी दोनदा परत केला होता: “हे सगळं दुसऱ्यांचं. तुझं स्वतःचं काय?” तिसऱ्यांदा परत आला तर तिचं नाव वगळणार होते. म्हणून तिने अंगणात विटांवर रेघा मारलेली बरणी ठेवली आणि वही माझ्या हाती दिली. सकाळ-संध्याकाळ पाणी बघून आकडा लिहायचा, पाणी ओतून द्यायचं. “काकू, जे दिसन तेच लिहायचं. आपलं डोकं नाही चालवायचं.”

नाही चालवलं. एक दिवसही चुकवला नाही.

दिवाळीत ती आली आणि वही बघून नाचलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर सगळ्यांना लेख वाचून दाखवला: ‘या गावातून दिवसाचा पाऊस नाहीसा झाला आहे.’ हे म्हणाले, “मंग दुपारी वावरात निंदणाच्या वक्ती मी कायनं भिजलो?” “काका, अनुभव वेगळा, आकडे वेगळे.”

मला बरणी आठवली. दिवसा अंगणात कोंबड्या हिंडतात, उघड्या भांड्यात तोंड घालतात. म्हणून सकाळचा आकडा लिहिला की मी बरणी घासून पालथी घालायची. कोंबड्या खुराड्यात गेल्या की सुलटी करायची. संध्याकाळी पालथ्या बरणीत काय दिसणार? शून्य. दिसलं तेच लिहिलं.

सकाळच्या गाडीने ती लेख द्यायला निघणार होती. सगळ्यांपुढे माझं तोंड उघडेना. मग पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, ‘दिवसा बरणी पालथी होती. कोंबड्यांमुळे. चूक माझी.’ तो कागद सकाळी तिच्या चहाच्या कपाखाली ठेवला.

वाचून तिने वही उघडली आणि संध्याकाळची सगळी शून्यं बोटाने मोजली. मग म्हणाली, “वं माय काकू! पुऱ्या कॉलेजात हसं झालं असतं मायं. बोलली काहून नाही?”

“तूच म्हणली होती ना, डोकं नाही चालवायचं.”

तिने गाडी सोडली. लेखाचा तेवढा भाग फाडला आणि माझ्याजवळ बसून विचारू लागली: कोंबड्या कधी सोडतेस, पाणी कुठे पितात, पाऊस येणार हे तुला कशावरून कळतं. दुपारपर्यंत मी बोलतच होते. तोच लेख सरांनी घेतला. पुस्तक आलं, तर त्यात ‘प्रतिसाद अल्प’ तसंच! खोडायला विसरली होती. माझ्या प्रतीत तिने ते पेनाने खोडून दिलं.

आता ती दुसऱ्या गावच्या मातीवर लिहिते. येणं कमी झालं आहे, पाठकोरे कागदही संपत आले. बरणी विटांवरच आहे. आकडा कोणी विचारत नाही. सकाळी भांडी घासून मी सगळी पालथी घालते, ती एक सोडून. मग दिवसभर कोंबड्या हाकलाव्या लागतात.